टपाल उशिरा आलं नव्हतं

फुई गेल्याचा फोन पप्पांनीच केला. धडगावच्या सरकारी दवाखान्यात मी ओपीडीत बसले होते. "वंदना गयी," एवढंच ते म्हणाले. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. वंदनाफुई पप्पांची धाकटी, एकुलती बहीण. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी मांडवात नातेवाईक एकमेकांना सांगत होते, शेवटी बहीणभावाचं मिटलं बरं का, भावाला माफ करून गेली बिचारी. पप्पा खाली मान घालून ऐकत होते. त्यांनी 'नाही' म्हटलं नाही. म्हणून मला हे लिहावं लागतंय. पप्पा पेपरची ही पुरवणी दर रविवारी चहाबरोबर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.

फुई बारावी सायन्सला होती तेव्हा मी दोन वर्षांची. आजोबा वारलेले, म्हसावदच्या घराचा सगळा कारभार पप्पांच्या हातात, आणि पप्पा जेमतेम पंचविशीचे. फुईला डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेश परीक्षेचं हॉल तिकीट तेव्हा टपालाने यायचं. ती रोज दुपारी ओट्यावर बसून पोस्टमनची वाट पाहायची. परीक्षा होऊन गेली, तिकीट काही आलं नाही. "टपालनं काय खरं नही," पप्पा म्हणाले. महिनाभरात तिचं लोणखेड्याला लग्न झालं. तीन वर्षांनी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी आली, पाहुण्यांसाठी ट्रंकेतून गोधड्या काढायला गेली, आणि तळाशी तिला हॉल तिकिटाचं पाकीट सापडलं. फोडलेलं. वर म्हसावदच्या पोस्टाचा शिक्का, परीक्षेच्या आठ दिवस आधीचा.

ती ओरडली नाही, रडली नाही. पाकीट पोलक्यात घातलं, बाहेर गेली आणि बायकांबरोबर झोक्यावर बसून आखाजीची गाणी म्हटली. फक्त त्या दिवसापासून ती पप्पांशी कधी अहिराणीत बोलली नाही. सख्ख्या भावाशी ती शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध मराठीत बोलायची, आणि 'तुम्ही' म्हणायची. "दादा, तुम्ही बरे आहात ना?" आम्हा पोरांना त्याचं हसू यायचं. पप्पांना येत नसे, हे मला आठवतं.

मी दहावी झाले तेव्हा पप्पांनी ठरवलं होतं की पोरीने गावातच आर्ट्‌स करावं, पुढचं पुढे बघू. तेवढ्यात फुई आली. तिचे गुडघे दुखतात, घरात हाताशी कुणी नाही, पोरीला दोन वर्षं लोणखेड्याला पाठवा, कॉलेजही जवळ आहे, असं तिने हात जोडून सांगितलं. बहिणीने इतक्या वर्षांनी काही मागितलं म्हणून पप्पांना बरं वाटलं असणार. मी बॅग घेऊन पोचले त्या संध्याकाळी फुई जिन्यावरून दणादण वर गेली आणि एक भलामोठा खोका उचलून खाली घेऊन आली. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. खोक्यात प्रवेश परीक्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या, वर्षवार बांधलेल्या. लग्न झाल्यापासून दरवर्षीची प्रश्नपत्रिका मिळवून ती घरी सोडवत आली होती. स्वयंपाक झाला, शेतावर डबा गेला, की बसायची. फुवांना, तिच्या नवऱ्याला, वाटायचं, शब्दकोडी सोडवते.

अकरावीला तिने माझं नाव सायन्सला घातलं. तिने मला जे शिकवलं त्याला प्रेमळ म्हणता येणार नाही. 'कळलं' म्हटलेलं तिला चालायचं नाही. "समजाड माले," म्हणायची, आणि तांदूळ निवडत ऐकायची. कुठे अडखळले की ताट बाजूला ठेवायची, उठून पपईच्या शेतात निघून जायची. ती परत येईपर्यंत माझं ते गणित सुटलेलं असायचं. मार्क वाढले तरी शाबासकी नाही. एकदा मी चिडून म्हटलं, नाही व्हायचं मला डॉक्टर. ती शांतपणे म्हणाली, "नको होऊ. पण पास हो." मला त्याचा अर्थ लागला नाही.

हॉल तिकीट आता कॉम्प्युटरवर निघतं. फुईने शहाद्यात जाऊन दोन प्रती काढल्या. एक मला न दाखवता स्वतःच्या पिशवीत ठेवली, हे मला नंतर कळलं. दुसरी घेऊन ती मला म्हसावदला घेऊन गेली आणि ओट्यावर चार माणसं बसलेली असताना तिने ती पप्पांच्या हातात दिली. "दादा, हे जपून ठेवा. शनिवारी दोनच्या गाडीने आम्ही नाशिकला निघू. शहाद्याच्या स्टँडवर आणून द्याल ना?" पप्पांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, मी परीक्षेला बसतेय याचा राग आला असेल.

शनिवारी आम्ही बारालाच स्टँडवर होतो. मे महिना, सावलीतही पाठ भाजत होती. पाऊण वाजता पप्पा मोटारसायकलवरून आले. शर्टाच्या आत, बनियनला लागून, प्लास्टिकच्या पिशवीत ते तिकीट होतं. घामाने निथळत त्यांनी ते पुढे केलं. फुईने उलटसुलट करून पाहिलं. "अरे वा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आपल्याकडचं टपाल सुधारलं म्हणायचं." पप्पा तिथेच उभे राहिले. गाडी सुटली तरी उभेच होते. खिडकीतून मी त्यांना हात केला, त्यांनी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या गेटवर मला अडवलं. लांब बाह्या चालणार नाहीत. मी रडकुंडीला आले. फुईने बाजूच्या टपरीवाल्याकडून कात्री आणली आणि माझ्या नव्या कोऱ्या कुर्त्याच्या बाह्या कोपरापासून कापल्या. तीन तासांनी बाहेर आले तर ती त्याच जागी उन्हात उभी होती, आणि कापलेल्या बाह्या दोन्ही मुठीत घट्ट धरलेल्या होत्या.

माझं नाव यादीत लागलं त्या दिवशी तिने मला ते जुनं पाकीट दाखवलं आणि सगळं सांगितलं. मी आधी पप्पांवर संतापले. मग तिच्यावर. "म्हंजे मी तुन्ही उत्तरपत्रिका व्हती का?" ती म्हणाली, "हां. नी चांगली लिखाई गयी." त्यानंतर वर्षभर मी तिच्याशी नीट बोलले नाही. मला वापरलं, असं वाटायचं... आता मी रोज पन्नास पेशंट बघते आणि मला वाटतं, वापरलं तर वापरलं. म्हसावदच्या ट्रंकेत पडून राहिले नाही.

पोटाच्या कॅन्सरने ती शेवटी अंथरुणाला खिळली. जाण्याच्या पंधरा दिवस आधी पप्पा लोणखेड्याला आले. मी सलाईन बदलत होते. ते पलंगाशी खाली बसले. "वंदना, ते पाकीट मीच ट्रंकमा दपाडेल व्हतं."

"मला माहीत आहे, दादा."

"माफ कर ना वं, बहीण."

फुईने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग तिने डोळे उघडले, अगदी सरळ त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही." आणि माझ्याकडे वळून, "पोरी, तुन्हा बापले चहा कर."

एवढंच झालं. मी तिथे होते. माफी दिली गेली नाही, आणि ज्यांनी ती मागितली त्यांनी मांडवात ती मिळाल्यासारखं ऐकून घेतलं.

गंधमुक्तीनंतर पाहुणे गेले. मी आणि पप्पा फुईच्या खोलीत बसलो होतो. तिच्या भिंतीवरचं घड्याळ वर्षानुवर्षं दहा मिनिटं पुढे असायचं. या घरातून कुणालाच कुठे उशीर होता कामा नये, म्हणायची. पप्पांनी मनगटावर पाहिलं, मग भिंतीवर. "हाई पुढे शे," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून वर चढले. हात काट्यांपर्यंत पोचला होता.

"राहू दे," मी म्हटलं. "हात नको लावू."

पप्पांनी हात मागे घेतला. मग भिंतीला धरून, जपून, खाली उतरले.