खालच्या कुणग्यात हरवलेला पाय

लढाईतून परत आलो तेव्हा गावाने मला खुर्ची दिली. देवळात खुर्ची, शाळेत झेंडावंदनाला खुर्ची, लग्नात पहिल्या रांगेत खुर्ची, आणि वर शाल-नारळ. चार वर्षांत अकरा शाली जमल्या. आमच्या आचऱ्याच्या घामट हवेत शाल पांघरणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. सुरुंगावर डावा पाय गुडघ्याखाली गेला होता, बाकी मी धडधाकट होतो. पण गावाच्या लेखी मी भिंतीवरचा फोटो झालो होतो, हार तेवढा घालायचा राहिला होता.

मला शेती करायची होती. वडील होते तोवर ते आणि त्यांचे बैल आमचे पाच कुणगे करत. कुणगा म्हणजे आमच्याकडचं भाताचं लहानसं खाचर. आमचे कुणगे ओहोळाकडे उतरत गेलेले, वाट अरुंद, तिथे पॉवर टिलर जात नाही. बैलच लागतात. वडील गेल्यावर एक पावसाळा शेजारच्या काकांनी नांगरून दिलं आणि मग त्यांची कंबर धरली. यंदा आईने जाहीर केलं की शेत पड ठेवायचं आणि बैल विकायचे. कुडाळच्या बाजारातलं गिऱ्हाईक परवावर येऊन ठेपलं होतं.

मी भांड भांड भांडलो. पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढलोय, बर्फात झोपलोय, चिखल काय चीज आहे, असं बरंच काही बोललो. आई तांदूळ निवडत ऐकत राहिली. शेवटी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "उद्या खालचो कुणगो कर. सांजपर्यंत लावणी होवक व्हयी. जमला तर बाकीचे करूया, नाय तर बैल जातले."

त्या रात्री मला झोप म्हणून लागली नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं म्हणतात. मी खरोखरच गुडघ्याशी बांधाबांध करत बसलो होतो. कृत्रिम पायात पाणी जाऊ नये म्हणून त्यावर खताची रिकामी पिशवी चढवली आणि वरून सुतळी गुंडाळली. सामान कोरडं ठेवा, हे फौजेने माझ्या हाडीमाशी भिनवलं होतं. चिखलाने फौजेचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, एवढंच माझ्या लक्षात आलं नाही.

सकाळी कुणग्यात उतरलो. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जुड्या घेऊन वाडीतल्या सहा बायका आल्या होत्या. आज आमच्याकडे, उद्या दुसऱ्याकडे, अशी ही लावणीची पद्धत. काका बांधावर छत्री घेऊन उभे होते. नांगर चिखलात उतरला, बैल निघाले आणि माझ्या अंगावर काटा आला. हातात वडिलांनी झिजवलेली मूठ होती, पुढे पाणी उडत होतं आणि मी नांगरत होतो! पहिली फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मला ओरडावंसं वाटत होतं.

चौथ्या फेरीला पिशवीत चिखल भरला. बैल पुढे गेले, मी पुढे गेलो आणि पाय मागे राहिला. मी तोंडावर सपशेल आडवा. बैल आपले शहाण्यासारखे बांधापर्यंत गेले आणि गवत खाऊ लागले.

मग शेजारच्या काकींनी, वासरू सुटल्यावर विचारावं तशा आवाजात विचारलं, "पाय खंय गेलो?"

मला हसू फुटलं. मी हसतोय म्हटल्यावर बायकांनीही हसून घेतलं आणि मग कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायला घालतात तसे सगळ्यांनी चिखलात हात घातले. मी बांधावर बसून हुकूम सोडत होतो, दोन हात डावीकडे, जरा मागे. कुणीही माझं ऐकत नव्हतं.

आई तेवढी हसत नव्हती. चार वर्षांत तिने त्या पायाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. संध्याकाळी मी तो काढायला लागलो की ती चुलीकडे निघून जायची. भिंतीला टेकवून ठेवलेला असला की त्याला वळसा घालून केर काढायची. आता ती कोपरापर्यंत चिखलात होती, आणि तिलाच तो गावला. तिने दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढला, कडेवर घेतला आणि ओहोळावर गेली. तिथे कोयत्याने पिशवी फाडली. बोटांच्या खाचांतला चिखल नखाने काढला. तो धुतला, पुन्हा धुतला आणि पदराने पुसला. मला रडू आलं. तोंड चिखलाने माखलेलं होतं म्हणून कुणाला कळलं नाही.

रडून झाल्यावर मला स्वतःचाच राग आला. अर्धा कुणगा तसाच पडलेला, बायका खोळंबलेल्या आणि उद्या बैल जाणार. काकांनी बांधावरून सांगितलं की त्याला आता बसू दे, कंबर दुखली तरी चालेल, उरलेलं मी उरकतो. आई माझ्यासमोर उकिडवी बसली, पाय चढवला आणि जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी गुडघ्याच्या वर फिरवून घट्ट गाठ मारली. भाताच्या भाऱ्याला ती मारते तीच गाठ.

"ही गाठ भिजली काय आवळता," ती म्हणाली. "आणि पिशयेत घालू नको. पाय आसा तो, मीठ न्हय."

गाठ टिकली! दर पावलाला मला वाटायचं, आता राहिला मागे, आणि दर पावलाला पाय माझ्याबरोबर वर येत होता. टाच आधी जराशी वळवायची आणि मगच उचलायची, ही युक्ती दहाएक फेऱ्यांनी सापडली. नांगरून झालं तशी काकांनी बैलांमागे फळी जोडून दिली. चिखल सपाट करायला त्या फळीवर माणसाने उभं राहायचं असतं आणि बैलांनी ती ओढायची असते. इथे पाऊल उचलायचा प्रश्नच नव्हता. मी दोर धरले, बैलांना हाक दिली आणि कुणगाभर नुसता घसरत सुटलो. चिखल डोक्यावरून उडत होता. मी मोठमोठ्याने ओरडत होतो, काय ते मला आठवत नाही. काकी म्हणत होत्या की ह्याच्या अंगात आलंय, आणि खरंच आलं होतं. एवढा आनंद मला पाय शाबूत असतानाही झाला नव्हता.

दुपारी बांधावरच काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे खाल्ले. मग बायका ओळीने वाकल्या आणि उजेड असेपर्यंत लावणी पुरी झाली. मी बांधावर उभा राहिलो. माझे पाय थरथरत होते, म्हणजे एकच थरथरत होता. कुणीतरी आता चार शब्द बोलेल म्हणून मी उगाचच ताठ झालो होतो.

आईने शेवटचं रोप खोवलं, कंबरेवर हात ठेवून सरळ झाली आणि कुणग्यावर नजर फिरवली. बांधाच्या कोनात नांगर पोचत नाही, तेवढी जागा कुदळीने खणावी लागते. ती गवतासकट तशीच राहिली होती.

"आणि तो कोपरो कोण करतलो? तुझो बापूस येतलो वयरसून?" ती कडाडली. "बेगीन कर. उद्या वयलो कुणगो आसा."

जखमी होऊन आल्यापासून आई माझ्यावर पहिल्यांदाच ओरडली होती. मी कुदळ उचलली आणि मला जसं धावता येतं तसा धावत कोपऱ्यात उतरलो.