घुबडाच्या रांगेत पहिला नंबर

पंप दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे मॅन्युअलमामा म्हणत, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. जुनं यंत्र अडलं, ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली, माहितीपुस्तिका हरवली, की लोक सरळ त्याच्या वर्कशॉपची पायरी चढायचे. मामाकडे एक प्रोग्रॅम होता. इंटरनेटवर जुन्या पद्धतीच्या गप्पांच्या खोल्या असतात. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. तिथे काही भले लोक आपला कॉम्प्युटर कायम चालू ठेवतात आणि त्यातल्या फायली मागेल त्याला देतात. मामाचा प्रोग्रॅम या खोल्या धुंडाळायचा, फाईल कोणाकडे आहे ते सांगायचा आणि रांगेत नंबर लावायचा. नियम एकच, तोंड मिटून उभं राहायचं. खोली सोडली की नंबर गेला. लग्नाला तीस वर्षं झाल्यामुळे मामाला हे अवघड वाटलं नाही.

अशात त्याच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं विणकामाचं मशीन अडलं. शाळेचे साठ स्वेटर सोमवारी द्यायचे होते, त्यातले शेवटचे तीन विणायचे राहिले होते. भावोजी जाऊन चार वर्षं झाली होती आणि ताई त्या मशीनवर एकटीचं सगळं भागवत होती. काम हातचं गेलं असतं तर तिला मामाकडे राहायला जावं लागलं असतं. मामीने त्यासाठी अर्धं कपाट रिकामंही करून ठेवलं होतं.

"तुझी बायको भली आहे," ताई म्हणाली, "पण मला दुसऱ्याच्या कपाटात राहायचं नाही. मशीन चालू कर."

मामाला पंपातलं सगळं कळायचं, विणकामातलं शून्य. तो लॅपटॉप घेऊन बुधवारी तिच्या कामाच्या खोलीत बसला. दहा मिनिटांत प्रोग्रॅमने सांगितलं, पुस्तिका जगात एकाकडेच आहे. त्या माणसाने गप्पांच्या खोलीत घेतलेलं नाव होतं घुबड. आत्ता दुसरं कोणी काहीतरी घेतंय, त्यानंतर तुमचा पहिला नंबर. मामा खूश झाला. लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती. टेबलामागच्या बोर्डावर एकच जागा, तिथे कसलातरी प्लग, वायर लोकरीच्या गोण्यांमागे गेलेली. इस्त्रीबिस्त्री असेल म्हणून मामाने तो काढला आणि आपला लावला.

पाचेक मिनिटांनी पडद्यावर ओळ आली, घुबड खोली सोडून गेला.

"येईल," मामा म्हणाला. "अशी माणसं परत येतात."

घुबड गुरुवारी आला नाही, शुक्रवारी आला नाही. लॅपटॉप तिथून हलवायची सोय नव्हती, न जाणो घुबड आला आणि आपण नसलो तर. मामा रोज काम आटोपून यायचा, पडद्यासमोर बसायचा आणि घुबडाच्या नावाने बोटं मोडायचा. लोकांना रांगेत उभं करून निघून जायचं, ही काय रीत झाली? आईबापांनी काही शिकवलंय की नाही याला? ताई मुकाट चहा आणून द्यायची. शनिवारी ती म्हणाली, "खोली कशी भकास वाटते रे." मशीन बंद आहे म्हणून असेल, असं दोघांनीही ठरवलं.

रविवारी सकाळी तिने लोकरीची गोणी ओढली आणि तिथेच उभी राहिली.

"हा प्लग कोणी काढला?"

"मी. का?"

"चार वर्षं मी याला हात लावला नाही. हॉस्पिटलात जाताना ते म्हणाले होते, हा बंद करू नकोस, लोक थांबलेले असतात. कोण लोक, कुठे थांबलेत, मला काही कळलं नाही. तरी मी बंद केला नाही. आणि तू..."

मामाने घाईघाईने लॅपटॉपचा प्लग उपटला आणि आधीचा परत लावला. गोणीमागे भावोजींचा जुना कॉम्प्युटर घरघरू लागला. याच प्रोग्रॅमने आपल्या फायली लोकांना कशा द्यायच्या, हे मामाने त्यांना कधीतरी शिकवलं होतं. दोन दिवसांत कंटाळले असतील, अशी त्याची समजूत होती. तो मान खाली घालून बसला. तीनेक मिनिटांनी बॅटरीवरच्या लॅपटॉपवर ओळ आली, घुबड खोलीत आला. तुमचा नंबर पहिला.

"काखेत कळसा," ताई नाक पुसत म्हणाली.

फाईल दोन फुटांवरून निघाली आणि जगाला वळसा घालून वीस मिनिटांत पोचली. पानं भावोजींनी घरीच स्कॅन केली होती. एकेचाळिसाव्या पानावर, सुया दाबून धरणाऱ्या फोमच्या पट्टीच्या चित्राशेजारी, पेन्सिलीने लिहिलं होतं: 'इथे तेल नको. पट्टी फुगते, मशीन अडतं. हिला सांगून थकलो.'

मामाने ताईकडे पाहिलं.

"थोडंसंच घातलं होतं," ती म्हणाली. मग विचारलं, "हे पान किती जणांनी नेलं?"

मामाने घुबडाची यादी बघितली. "तीनशे बारा."

ताईला रडू आलं आणि हसूही आलं, आणि तिने दोन्ही आवरलं नाही. पट्टी डाव्या टोकाने ओढून काढायची, असं चित्रात होतं. मामाने ती काढली, पुसून उन्हात वाळवली. दुपारी मशीन चालू झालं. सोमवारी साठ स्वेटर गेले, आणि मामीने कपाट परत भरलं.

मंगळवारी मामा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आला. ताईने तो हातात घेतला, पण घुबडाच्या प्लगपर्यंत त्याला जाऊ दिलं नाही.

"सांग कुठे लावायचा ते," ती म्हणाली. "मी लावते. लोक थांबलेले असतात."