हरिदासभाऊचा चिनी पिक्चर

चांगला चिनी पिक्चर कसा ओळखायचा, हे तळेगावात कमलाबाईला विचारावं. म्हणजे जुन्या राजेमहाराजांच्या काळातला, तलवारी-भाल्यांचा. मेथी निवडता निवडता ती सांगेल, "सुरुवातीलेच खानावळ फुटली पायजे. टेबलं, मडके, जिना, सारं! अन् पांढऱ्या दाढीचा म्हातारा उडाला पायजे. म्हातारा चालतच आला, त बंद करून टाकजो. कायले वेळ घालवतं?" राजकन्या पुरुषाच्या वेषात घोड्यावर बसली असेल तर मार्क जास्त. आधी बायका तिला हसायच्या. आता त्याच बायका शेतात निंदायला जाता जाता सेनापतीनं दगा दिला की नाही यावर कडाकडा भांडतात. घ्या!

हे वेड तिला लागलं ते नवऱ्यापायी. हरिदासभाऊ एसटीचे ड्रायव्हर, आर्वी डेपोतून रिटायर झालेले. जन्मभर इंजिनाशेजारी बसून कान गेले. मशीन आणलं, तर ते कानात शिट्ट्या मारी, म्हणून कपाटात गेलं. एकदा विहाराच्या बैठकीत भाऊंनी भलतंच उत्तर दिलं आणि लोक खो खो हसले. त्या दिवसापासून, अख्ख्या गाडीला गोष्टी सांगत नेणारा हा माणूस घराबाहेर पडेना. कमलाबाईचा जीव तुटायचा.

मालिकांत नुसती बडबड, त्यांना काय कळणार! पण एकदा पुतण्यानं, अश्वजितनं, टीव्हीवर चिनी मारामारी लावून दिली आणि भाऊ टुणकन उठून बसले. इथं ऐकायचं काय? जो तो छपरांवरून उड्या मारतोय! मग कमलाबाई आवाज पार बंद करूनच त्यांच्याशेजारी बसायला लागली. "म्हंजे आपन दोघंबी सारखेच," असं ती म्हणायची. भाऊंना ते ऐकू जायचं नाही, पण ती म्हणायची.

मग तिच्या डोक्यात किडा वळवळला. यांना पुन्हा चारचौघांत बसवायचं. बुद्धपौर्णिमेला विहाराच्या अंगणात पडदा लावून असाच एखादा पिक्चर दाखवायचा. कमिटीचे अध्यक्ष बाबाराव अडून बसले.

"वहिनी, त्याच्यात भिक्खू मारामारी करते म्हनते. आपली शोभा होईन ना!"

"पहिले हात जोडते, मंग मारते, बाबारावभाऊ. अन् पडलेल्याले उचलून पानीबी पाजते. आपल्या बैठकीत त तेवढंबी नाई होत!"

बाबाराव हसले, तिथंच हरले. फक्त बजावलं, "लोक कंटाळले त पुढच्या साली पिक्चरचं नाव काढाचं नाई."

भाऊंना तिनं हाताला धरून, जवळजवळ ओढतच नेलं. ते शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले, कधीही उठून जायच्या तयारीत. खीर वाटून झाली, अंगण भरलं. अश्वजितनं पेन ड्राइव्ह लावला. घोडे दौडत आले, राजानं तोंड उघडलं, आणि राजा बोलला तो अस्सल चिनी! पठ्ठ्यानं हिंदी आवाजाचा सोडून मूळचाच पिक्चर भरून आणला होता. खाली अक्षरं आली तीही चिनी.

"काय म्हनून राह्यला थो?" एकच कल्ला झाला. अश्वजित मोबाइलवर दुसरा शोधायला लागला, तर रेंज गेलेली. पोरं शिट्ट्या मारू लागली, बायांनी सतरंज्या झटकल्या. कमलाबाईच्या मनात एकच: पिक्चर गेला खड्ड्यात, पण आज हे उठून गेले तर पुन्हा या अंगणात पाय ठेवणार नाहीत.

तिनं मागं वळून पाहिलं. अख्ख्या अंगणात एकच माणूस पिक्चर पाहत होता. मांडी घालून, तोंडभर हसत! कल्ला त्याच्या गावीही नव्हता.

ती धावली. भाऊंना उठवलं, पुढं आणलं, हातात माइक कोंबला. लोकांकडं बोट केलं, हात हलवले: यांना काहीच कळत नाही.

"इतक्या लोकायले समजून नाई राह्यलं?" भाऊंना केवढं नवल वाटलं. "सोपं त हाय, बाप्पा!"

आणि गाडी सुटली. "हा राजा. याची बायको रुसून माहेरी गेली, म्हनून तोंड असं. हा बारीक मिशीवाला सेनापती. हा म्हनते, महाराज, मी घरीच होतो. सपशेल खोटं! घोड्याचे पाय पाहा, गुडघ्यावरी चिखल हाय. अन् हे खानावळवाली. हे म्हनते, मारामारी करा, पन माह्या मडक्यायले हात लावान त पाहा!" तेवढ्यात पडद्यावर सगळी मडकी एकदम फुटली आणि अंगण हसून हसून लोळलं.

लोकांनी पाहिलं की नाही, म्हणून भाऊंनी गर्रकन मागं पाहिलं. सगळी तोंडं हसणारी. माइक खाली आला, चेहरा उतरला. बैठकीतलं तेच हसू! तेवढ्यात बाबाराव पहिल्या रांगेतून उठले, भाऊंच्या समोर उभे राहिले आणि तोंड मोठ्ठं उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मंग... काय... झालं?"

भाऊंनी ओठ वाचले. डोळे पुसत हसणारा बाबारावांचा चेहराही वाचला. माइक हळूहळू वर गेला. "मंग? मंग त राजकन्याच आली ना!"

मध्येच अश्वजित ओरडला, "काकू, हिंदीतला सापडला!"

"ठेव थो मोबाइल!" सारं अंगण त्याच्यावर धावलं.

खरी गोष्ट काय होती, हे चीनवाल्यांनाच माहीत. तळेगावात सेनापती मेला, राजाची बायको माहेराहून परत आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊ नुसते पाहत उभे.

"टाळ्या ऐकू नाई येत त्यायले!" कमलाबाई रडत-हसत ओरडली. "हात वर करा, वर!"

सगळे हात वर गेले. म्हाताऱ्यांचे, पोरांचे, कडेवरच्या लेकरांचे सुद्धा, आणि हलत राहिले. भाऊंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारं अंगण पाहून घेतलं. मग घसा खाकरून माइकात म्हणाले, "अश्वजित, दुसरा लाव रे. अन् थोबी चिनीतलाच लावजो."