सव्वातीन फुटांचा अंदाज

लढाईच्या वर्षांत आमच्या कारखान्याचा भोंगा असा वाजायचा, की पार दीक्षितपुरा मोहल्ल्यातल्या तव्यावरची पोळी आपोआप उलटायची. मी स्वतः पाहिलंय. मी तिथल्या सुतारखात्यात होतो, दारूगोळ्याच्या पेट्या ठोकायचो. एक नियम फार कडक होता : वस्तू कोणासाठी, ते विचारायचं नाही. कागदावर फक्त माप नि नग. मग आम्ही सुतार मापावरूनच जगाचं भविष्य सांगायचो. पेटी लांब आली, की म्हणायचो, आता लढाईही लांब, पार बर्फात.

तेव्हा दिल्लीत सत्ताधारी पक्षाचा म्होरक्या थकला होता. साऱ्या शहरात एकच प्रश्न : यांच्यानंतर कोण? पानवाल्यापासून नर्मदेवरच्या ग्वारीघाटच्या पंड्यापर्यंत प्रत्येकाच्या खिशात एक नेता तयार होता.

आणि नेमकं माझ्या हाती एक काम आलं. ज्याच्यामागं उभं राहून भाषण करतात, तसलं सागवानी मेज. उंची सव्वातीन फूट. एरवी असली मेजं पावणेचार फुटांची. मी पेन्सिल कानावर ठेवली आणि सगळं समजलो. पुढचा नेता ठेंगणा!

उमेदवारांत ठेंगणा एकच होता. दुपारच्या सुट्टीत मी ते चौघांना 'कोणाला सांगू नका' म्हणून सांगितलं; संध्याकाळी सायकलवर घरी गढ्याला पोचलो, तर माझा न्हावीच मला सांगू लागला, "भैया, पक्की खबर है."

माझा खरा जीव मात्र दीक्षितपुऱ्यात अडकला होता. तिथं रेल्वेच्या मालधक्क्यावरचे एक बाबू राहत. त्यांची मुलगी कारखान्याच्या शाळेत शिकवायची, आणि मी तिच्यासाठी झुरत होतो, चोरून चिठ्ठ्या धाडत होतो. बाबूंचा भरवसा एका ताडमाड पुढाऱ्यावर होता.

"अहो, तो दिल्लीत उभा राहिला तर इथून दिसेल!" ते म्हणाले.

"नाही काकाजी, ठेंगणाच येतो. पक्कं सांगून राहिलो. त्यांच्या मेजावर माझाच रंधा फिरला."

बाबूंनी चष्मा काढला. "खरं निघालं तर पोरगी तुमची. खोटं निघालं तर ही पायरी चढायची नाही. थापाड्या जावई नको मले."

आतल्या पडद्यामागं कोणीतरी खुदकन हसलं.

पुढचे दिवस मी जमिनीवर नव्हतोच. रंध्यातून सुटणारे छिलके मला फुलांसारखे दिसायचे. पेट्यांना खिळे ठोकताना वाटायचं, आत दारूगोळा नाही, लग्नाचे लाडू भरायचे आहेत.

मग तो रविवार आला. बाबू सहकुटुंब नर्मदेच्या दर्शनाला निघाले होते, मलाही बोलावलं होतं. नाव मधल्या धारेला लागली. उदबत्त्यांचा धूर पाण्यावर पसरला होता, त्यात घाट हळूहळू विरघळत गेला. नदी वाहतेय की आकाश, कळेना. बाबूंच्या गळ्यात ट्रान्झिस्टर. त्यातला आवाज कुठून तरी फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा आला आणि त्यानं नव्या नेत्याचं नाव सांगितलं.

ठेंगण्याचंच!

नावाड्यानं वल्हं थांबवलं. बाबूंनी ट्रान्झिस्टर बंद केला. मग ओंजळीत नर्मदा घेऊन म्हणाले, "अच्छा. शब्द म्हणजे शब्द. दिली."

मुलीची आई देवीला फुलं सोडायला वळली, बाबूही हात जोडून डोळे मिटून बसले. घाटावरच्या घंटा वाजू लागल्या. तेवढ्यात ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, "ते मेज आमच्या शाळेत आलंय. सकाळची प्रार्थना मी सांगते ना, जुन्या उंच मेजामागं मुलांना मी दिसत नव्हते. शाळेनं माझंच माप दिलं होतं."

माझ्या पायाखालची नाव सरकली.

"आतल्या फळीवर पेन्सिलीनं लिहिलंय, 'देश सांभाळा.' अक्षर तुमच्या चिठ्ठ्यांतलंच. आठवडा झाला पाहून."

"मग... बाबांना काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर आज या नावेत बसले असते का तुम्ही?"

तिनं एक झेंडूचं फूल पाण्यात सोडलं. ते आमच्या नावेला लागून लागून बराच वेळ चाललं. मला वाटलं, त्या दिवशी नर्मदा उलटी वाहिली. शपथेवर सांगतो, वाहिलीच.

त्यानंतर किती नेते आले नि गेले. दर वेळी ओसरीवर बैठक जमते, दर वेळी मी मांडी ठोकून सांगतो, "लिहून ठेवा, आता अमकाच!" आणि दर वेळी आतून, भांडी लावता लावता, बारीक आवाजात प्रश्न येतो :

"माप कोणाचं घेतलं जी?"