पाच माझे, दोन त्याचे

त्या दिवशी उशीर त्याने केला नव्हता. घाई मी केली होती, आणि तीही मुद्दाम. नंतर मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवून मीच म्हणालो, "चुकतं रे कधीतरी. उशीर झाला तुला." त्याने ते खरं मानलं.

दीपनगरच्या आमच्या वसाहतीत गणपतीत विनोदी नाटुकलं व्हायचं. माझा हा मित्र त्यात काम करायचा, मी ढोलकीवर. आमचा एक ठरलेला ठेका होता. तसा तो सगळ्यांनाच ठाऊक असतो. रावेरहून केळी नेणारे ट्रकवालेसुद्धा हॉर्नवर वाजवतात. मी पाच ठोके द्यायचे: धिन्, तक-तक, धिन्, धिन्. मग क्षणभर शांतता. उरलेले दोन त्याने पुरे करायचे. कधी डब्यावर पळी आपटून, कधी दोनदा शिंकून, एकदा तर साहेब झालेल्या नटाच्या टकलावर टिचक्या मारून. लोक हसून हसून लोळायचे.

पाच माझे, दोन त्याचे आणि हशा सगळा त्याचा. भाजी निवडता निवडता बायकोने एकदा विचारलं, "भाऊजी यंदा कशावर वाजवणार हो?" मी काय वाजवणार, हे तिने कधीच विचारलं नव्हतं. त्या रात्रीची भाजी मला कडू लागली.

त्या वर्षी दोंडाईच्याहून त्याचे वडील पहिल्यांदाच बघायला आले. नोकरीवाल्या माणसाने तोंडाला रंग फासावा, हे आबांना मुळीच पसंत नव्हतं. तो आठ दिवस माझ्या मागे होता. "शांतता जरा लांबव हं. आबा पहिल्या रांगेत असणार."

मी पाच ठोके दिले. त्याने डब्यावर पळी उगारली आणि आबांकडे पाहिलं. तेवढ्यात उरलेले दोन मीच वाजवून टाकले.

पळी हवेतच राहिली. लोक हसले, माझ्या ढोलकीला हसले. फार गोड लागलं ते, खोटं कशाला बोलू? मग पहिल्या रांगेतून आबांचा आवाज आला, "मी म्हनतच व्हतू, याले काही येस नई."

तो पुन्हा रंगमंचावर चढला नाही. पुढच्या वर्षी दुसरा कोणी उभा राहिला. मी पाच दिले, त्याने दोन दिले. कोणी हसलं नाही.

सहा वर्षं हे पोटात ठेवलं. आता आबा थकलेत, म्हणून तो सुट्टीला गावीच असतो. गेल्या महिन्यात पॅसेंजरने दोंडाईच्याला गेलो. आबा खाटेवर होते. मी ढोलकीवाला, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"तू ते चांगलं वाजाडं व्हतं," ते म्हणाले. "यालेच जमनं नई."

तो चहा घेऊन दारात उभा होता. कसनुसं हसला, जणू हे त्याने शंभरदा ऐकलं होतं.

मी खाटेजवळ खाली बसलो. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोलावं लागलं. शेजारच्या ओट्यावरच्या बायकांनीही ऐकलं असेल.

"आबा, याला जमलं होतं. याचे दोन ठोके मी खाल्ले. लोक याला हसायचे, मला नाही, म्हणून मी जळत होतो." मग त्याच्याकडे वळलो. "तुला उशीर झाला नव्हता रे. मी खोटं बोललो. माफ कर मला."