अंबिकाअक्काचं वय

अंबिकाअक्काने मशीनवर अंगठा टेकवला आणि हिरवा दिवा लागला. लातुरात शिकवणीला आलेल्या पोरींचं वसतिगृह, तिथल्या मेसमध्ये ती पोळ्या लाटायची. नव्या ठेकेदाराचं फर्मान होतं: सरकारी कार्डाशी अंगठा जुळला पाहिजे आणि वय पंचेचाळीसच्या आत पाहिजे, तरच काम. देखरेखीवरचे जावेदभाई स्क्रीन बघून कान खाजवायला लागले.

"बाई, शेहेचाळीस दाखवून राहिलंय."

"खोटं हाय ते! अडतीसची हाय मी."

"अंगठा तुमचा, फोटो तुमचा. मग वय कुणाचं?"

घ्या! आता काय सांगायचं माणसाने?

त्या दिवशी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घासलेली पातेली पुन्हा घासली, गेटापर्यंत गेली, तशीच परत आली. कारण खोटं तिचं स्वतःचंच होतं. भूकंपात आई-बाप गेले तेव्हा ती बारा वर्षांची आणि भाऊ उमाशंकर सात वर्षांचा. पत्र्याच्या शेडमध्ये साहेब लोक बिनआईबापाची पोरं नोंदवत होते. मुलगे एका आश्रमशाळेत, मुली दुसरीकडेच. ही बया शेजारच्या गौरम्माचं लुगडं नेसून साहेबापुढे उभी राहिली. "वीस वर्षांची हाय मी. भावाला मीच सांभाळणार." साहेबाने लिहून घेतलं. मग तेच वय रेशनकार्डावर आलं, तेच ह्या कार्डावर. पुढे स्थळं आली तीही बिजवरांचीच. तिने सगळ्यांना नाही म्हटलं, पण कधी तोंड उघडलं नाही.

दुपारी ती कार्डाच्या केंद्रावर गेली. तिथला माणूस म्हणाला, "शाळेचा दाखला आणा."

"शाळा जमीनदोस्त झाली बाबा."

"मग वय बदलता यायचं न्हाई."

झालं! काम गेलं. तिथून ती तडक भावाच्या घरी आली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळी झाली. उमाशंकर रिक्षा पुसत होता. त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"बारा? आजवर मला बोलली न्हाईस, अक्का? मी तर तुला तेव्हापासून मोठी बाई समजून राहिलो! साहेबाला तरी खरं सांगायचंस."

"खरं सांगितलं असतं तर तू कुठल्या गावाला गेला असतास रे?"

तेवढ्यात त्याची लेक बाहेर आली, केस मोकळे, गाल फुगलेले. "आत्या, आई नीट वेणी घालत न्हाई. तू घाल." अक्का पायरीवर टेकली आणि तिला पुढ्यात घेऊन बसली. पोरीला नुकतीच बारा वर्षं पूर्ण झाली होती.

उमाशंकर लेकीकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "अक्का, एवढीच होतीस तू?"

"एवढीच," वेणीचा पेड घालत अक्का म्हणाली. "ते लुगडं सारखं पायात येत होतं बघ."