आबा शिरस्तेदार आणि माझी जागा

ठाण्याच्या बाजारात कोणाचा दावा कोर्टात गेला, हे आबांच्या छत्रीवरून कळत असे. आबा म्हणजे आमच्या कोर्टाचे शिरस्तेदार, सगळ्या कारकुनांचे वरिष्ठ. ज्याचा खटला चालू आहे असा माणूस समोरून आला की आबा छत्री त्याच्या बाजूला कलती करीत आणि तोंड झाकून पुढे जात. ऊन कोणत्याही बाजूला असो. त्याचा रामराम घ्यायचा नाही आणि आपणही करायचा नाही. मग वाणी शेजारच्या तांबटाला म्हणे, “आज सोनाराकडं कलली बरं का,” आणि संध्याकाळपर्यंत सोनाराकडे चार माणसे विचारपूस करायला जात. आबांच्या सख्ख्या मेव्हण्याने विहिरीच्या हक्कासाठी दावा लावला, तेव्हा तो निकालात निघेपर्यंत आबा सासुरवाडीला गेले नाहीत. बायकोला गाडीने पोचवीत आणि वळणावर उतरून तिथूनच माघारी फिरत.

अशा माणसाच्या हाताखाली मी उमेदवारी केली. उमेदवारी म्हणजे काय हे आता नव्या लोकांना सांगावे लागते. कचेरीत बिनपगारी राबायचे, जबान्या उतरायच्या, दप्तरे बांधायची, आणि एखादा कारकून निवृत्त झाला किंवा मेला तर त्याची जागा आपल्याला मिळेल म्हणून वाट पाहायची. माझे घर कळव्याला. वडील मिठागरावर मजुरी करीत. सरकारी शाळेत मोडी आणि हिशेब शिकलो, अक्षर बरे होते, आणि आमच्या गावातून खाडी ओलांडून कचेरीत लेखणी धरायला जाणारा मी पहिलाच. सकाळी होडीने यायचे, चिखलाचे पाय कोर्टामागच्या विहिरीवर धुवायचे आणि बैठकीवर बसायचे. ती पगाराची जागा मिळणे म्हणजे माझ्या बापाने पुन्हा उन्हात मीठ ओढायचे नाही, एवढा सरळ अर्थ होता. म्हणून मी तिथे बसलो होतो. मला कायद्याची आवड होती असे कोणी समजू नये.

इतर कारकून मला ‘मीठ’ म्हणत. “ए मीठ, जरा शाई आण.” मी रागीट. एकदोनदा दौत फेकायची वेळ आली होती. आबांनी हे किती दिवस ऐकले कोणास ठाऊक. एके दिवशी त्यांनी मान वर न करता विचारले, “मीठ कोणी मागवलंय?” सगळ्यांच्या माना कागदात गेल्या. “इथं स्वयंपाक होत नाही. शाई हवी असेल त्यानं उठावं, शाई कोनाड्यात आहे.” तेव्हापासून मला माझ्या नावाने हाक मारू लागले. आबांनी मात्र त्यानंतर माझ्याकडे पाहून एकदा हसावे म्हटले तर तेही नाही. उपकार केला असे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी दिसत नसे, त्यामुळे आभार कुठे ठेवायचे हा प्रश्न पडे.

जबानी कशी उतरायची हे त्यांनी मला शिकवले, आणि ते शिकवणे म्हणजे छळ होता. कोलशेतची एक म्हातारी साक्षीला आली होती. म्हशीवरून तंटा. तिला विचारले, त्या दिवसांत म्हैस दूध देत होती का? म्हातारी म्हणाली, “कुठला दूद! ती रुसली होती ना.” मी लिहिले, म्हैस आटली होती. आबांनी कागद वाचला आणि माझ्यापुढे परत ठेवला.

“ही काय म्हणाली?”

“रुसली म्हणाली. म्हणजे आटलीच की, आबा.”

“कोर्टाला आटलेल्या म्हशीबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही. रुसलेली लिही. शहाणपण खाडीपलीकडं ठेवून येत जा.”

मी सबंध पान पुन्हा लिहिले. मग त्यांनी ते म्हातारीला सावकाश वाचून दाखवले. रुसली शब्द आला तशी म्हातारी खूश झाली आणि म्हणाली, “हां, आता बरोबर. या बामनाला म्हशीतला कलतं.” आबांनी तेव्हाही चेहरा हलू दिला नाही. वर्दी देणारा शिपाई मात्र बाहेर जाऊन हसून आला.

साक्षीदाराने विचारल्याखेरीज बोलू नये आणि विचारले तेवढेच बोलावे, हा कोर्टाचा नियम. आबांनी तो घरीदारी, बाजारात, सगळीकडे लावला होता. “आबा, पाऊस येईलसं वाटतं का?” असे विचारले तर म्हणत, “मला काय वाटतं, ते कशाला हवं? ढग आहेत.” एकदा त्यांच्या उपरण्याला मागच्या बाजूने शाईचा मोठा डाग पडला होता आणि ते तसेच दिवसभर हिंडले. संध्याकाळी कोणी तरी दाखवला, तेव्हा म्हणाले, “सकाळी पाहिलात ना? मग सांगितलं का नाहीत?” तो म्हणाला, “तुम्ही विचारलं नाहीत.” आबांना हे उत्तर पूर्ण पटले.

आता कोपरीच्या वाटेचे सांगतो, कारण माझे जे झाले ते त्या वाटेवर झाले. कोपरीचे दोन चुलतभाऊ, धर्मा आणि गोमा. दोघांच्या घरांमधून खाडीकडे एक बोळ जात होता. धर्मा तिथून होडी वर ओढून आणी. गोमाचे भाताचे खळे त्या बोळाच्या तोंडाशी. होडी ओढली की खळे उखडे. गोमाने कुडाची भिंत घातली, धर्माने दावा लावला. वाट वडिलार्जित की नाही यावर तारखांमागून तारखा पडत होत्या, आणि दर तारखेला दोन्ही घरे कामधंदा सोडून कोर्टाच्या आवारात चिंचेखाली येऊन बसत, एक घर बुंध्याच्या या बाजूला, दुसरे त्या बाजूला, पाठीला पाठ लावून.

दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्यात जाऊन बसे. बोली आमचीच. मला पहिल्याच दिवशी कळले की दोघांनाही तोडगा हवा आहे, फक्त आधी कोण नमला हे दिसायला नको आहे. गोमा म्हणे, “मी भिंत काढीन, पन त्यानं मना बोलाया पायजे.” धर्मा म्हणे, “मी कशाला बोलू? भिंत कोनी घातली?” अशा वेळी आमच्याकडे बैलाच्या बाजारात जे करतात तेच मी केले. उपरणे सोडले, गोमाचा हात त्याखाली घेतला आणि म्हटले, “किती महिने खळं मोकळं पाहिजे? तोंडानं बोलू नको, बोटं धर.” मग धर्माकडे गेलो, त्याचा हात उपरण्याखाली घेतला. असा दोन्हीकडे काही वेळ फिरलो. एकाने बोट सोडले, दुसऱ्याने एक धरले. शेवटी भात झोडून होईपर्यंत होडी खालच्या धक्क्यावर राहील आणि पुढे वाट उघडी, असे ठरले. कोण किती नमला ते मला एकट्याला ठाऊक, आणि मी अजून कोणाला सांगितलेले नाही. दोघे उठले आणि आत जाऊन म्हणाले, आमचे मिटले.

न्यायाधीश साहेबांनी तडजोड लिहून घेतली. दोघांचे वकील हात चोळीत राहिले. मी मनात म्हटले, आता जागा आपली. कारण तेव्हाच एक जुना कारकून निवृत्त होत होता आणि साहेब आबांच्या शिफारशीवाचून कोणाला घेत नसत.

आठवडा गेला नाही तोच जागा काशिनाथला मिळाली. काशिनाथ माझ्यानंतर आलेला उमेदवार, अक्षर मोत्यासारखे, बोलणे नाहीच. माणूस वाईट नव्हता. त्याला तर मला हे सांगताना रडू येत होते. मग मला व्हरांड्यातली कुजबूज कळली. एका वकिलाने म्हणे सांगितले होते की कोर्टाचा उमेदवार भर दुपारी पक्षकारांशी उपरण्याखाली सौदा करताना दिसला. उपरण्याखाली काय ठरते हे ठाण्यात पोरासोरांनाही माहीत. भाव ठरतो. आणि कोर्टाचा माणूस कसला भाव ठरवणार?

मी आबांच्या खोलीत गेलो आणि ओरडलो. काय काय बोललो ते सगळे सांगत नाही. खाडीपलीकडचा म्हणून मला डावलले असे म्हणालो. तुमची छत्री तेवढी शुद्ध, बाकी जग लाचखाऊ, असेही म्हणालो. ते बोरू तासत होते. मी थांबलो तेव्हा म्हणाले, “कोर्टाच्या माणसाचा हात सगळ्यांना दिसला पाहिजे. तुझा दिसत नव्हता.”

“त्यांचं भांडण मिटलं ते दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं.”

एवढेच. मी उपरणे खांद्यावर टाकले आणि निघालो. त्या दिवसानंतर त्या कोर्टाची पायरी चढलो ती पक्षकार म्हणून, पगारी वकील बरोबर घेऊन.

पुढचे थोडक्यात सांगतो. कल्याणला लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायला लागलो, मग जंगलाचे ठेके घेतले, मग वखार माझी झाली. वडील मात्र ते पाहायला राहिले नाहीत. शेवटच्या हंगामापर्यंत ते मिठागरावरच होते. कोपरीची तडजोड आजतागायत टिकली आहे. त्या दोघांच्या नातवंडांनी ती मोडलेली नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. आणि लोक मिटवण्यासाठी माझ्याकडे येऊ लागले, बांधाचे, भिंतीचे, वाटणीचे. कचेरीने हाकललेल्या माणसाकडे कचेरी टाळण्यासाठी लोक येतात, यातली गंमत मला कळते.

आबा निवृत्त होऊन कल्याणला स्वतःच्या घरी राहायला आले. वखारीवरून जाताना ते मला रामराम करीत. मी घेत नसे. ते तरी रोज करीत. नोकर म्हणे, “शेट, म्हातारा हात जोडतोय.” मी म्हणे, “तुझं काम कर.”

एका सकाळी ते वखारीत आले. बरोबर दोन मुलगे, थोरला पुढे, धाकटा चार पावले लांब, एकमेकांकडे न बघता. आबा ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, “घराच्या वाटणीवरून यांचं बोलणं बंद आहे. थोरला दावा लावतो म्हणतो. मला ते कोर्टात जायला नको आहे. तू मिटव.”

मी सौदा करणारा माणूस. कोण केव्हा गरजू आहे हे मला वासावरून कळते. मी म्हटले, “मिटवतो. पण आधी एक बोला. ती कारकुनाची जागा माझी होती, एवढं माझ्यासमोर म्हणा.”

त्यांनी विचार केला. खरोखरच केला, कपाळावर दिसत होता. मग म्हणाले, “नव्हती. जागा कोर्टाची होती.” आणि मुलांना म्हणाले, “चला.”

ते वखारीच्या फाटकापर्यंत गेले. गिऱ्हाईक उठून निघाले तर मी हाक मारीत नाही. त्या दिवशी मारली. का मारली हे सांगता येत नाही. म्हातारा मुलांच्या मध्ये चालत होता आणि मुले त्याच्या दोन बाजूंना एवढी लांब होती की मधून बैलगाडी गेली असती.

“आबा, मी पैसे घेतले होते का?”

ते वळले. “नाही.”

“तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“माहीत होतं. मी खिडकीतून पाहत होतो, ऐकतही होतो. महिने मोजलेस, बाकी काही नाही.”

“मग साहेबांना का सांगितलं नाहीत?”

“साहेबांनी विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस. तू नुसता ओरडलास.”

हे कसले उत्तर? मला ते आजही पटत नाही. न विचारता बोलले असते तर काय कोर्ट खाडीत बुडाले असते? मी हे तोंडावर म्हणणार होतो. पण आबा परत आले होते आणि ओंडक्यावर न बसता माझ्यासमोर उभे राहिले होते, साक्षीदार उभा राहतो तसे, हात पुढे, दोन्ही तळवे दिसतील असे. मुलांकडे वळून ते सावकाश, जबानी वाचून दाखवावी तसे म्हणाले, “या माणसानं कोणाकडून काही घेतलं नाही. मी पाहिलं होतं. हे मी खरं सांगतो आहे.” मग बसले. “आता हा सांगेल ते ऐका.”

मुलांनी ऐकले. वाटणी झाली, दोघे आजही एका विहिरीचे पाणी भरतात. आबा पुढच्या वर्षी गेले. खांदा द्यायला मी होतो.

जागा मात्र माझीच होती.